दंगल पेटविणाऱ्या शाईचा हिशेब कोण देणार?

६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनीच, बाबरी मशीद पाडण्यात आली आणि मुंबईत दंगली उसळल्या. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये बाहेर आला. पोलीस आणि पुढाऱ्यांवरील ताशेऱ्यांची थोडीफार चर्चा झाली. पण आयोगाने वृत्तपत्रांविषयी जे लिहिले, त्याची चर्चा वृत्तपत्रे कशाला करतील?

६ जानेवारी १९९३ पासून हिंदूंकडून जो मोठा हिंसाचार सुरू झाला, त्यामागे हिंदुत्ववादी संघटनांच्या प्रचाराबरोबर ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’सारख्या वृत्तपत्रांचे लिखाण होते, असे आयोगाने नावानिशी नोंदविले आहे. माथाडी कामगारांच्या हत्या आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतील जळीत या घटना खऱ्या होत्या. मेलेली माणसे गरीब, कष्टकरी होती. त्यांच्यासाठी न्याय मागणे हे वृत्तपत्राचे कामच! पण बातम्या अशा रंगविल्या गेल्या, की त्या हत्यांशी काडीचाही संबंध नसलेला झोपडीतला शिंपीसुद्धा आरोपी ठरला.

दंगलीच्या बातमीची भाषाच पाहा. आपला मेला तर ‘निर्घृण हत्या’, त्यांचा मेला तर नुसता ‘ठार’. आपला हल्ला ‘उत्स्फूर्त प्रतिक्रिया’, त्यांचा हल्ला ‘पूर्वनियोजित कट’! अफवा पहिल्या पानावर, खुलासा आतल्या पानावर चार ओळींत. २००२ मध्ये गोध्रानंतर गुजरातच्या ‘संदेश’ने स्त्रियांच्या मृतदेहांच्या विटंबनेची बातमी छापली. ती खोटी असल्याचे पोलिसांनी सांगितले, पण तोवर अंक घरोघरी पोहोचलेला होता.

आंबेडकरी वाचकाला हा खेळ चांगलाच ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचे बळी गेले, तेव्हा जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता ही पोलिसांची कहाणी छापून आलीच होती. गुंडेवार आयोगापुढे ती टिकली नाही. ज्यांच्याबद्दल असे छापून आले आहे, त्यांनी तरी मोहल्ल्याविषयीची पोलिसी बातमी डोळे झाकून वाचू नये.

प्रेस कौन्सिल फार तर ताकीद देते, निषेध नोंदविते. शिक्षा देण्याचा अधिकार तिला नाही. मग उरते न्यायालय. तेथे काय झाले? १९९३ च्या अग्रलेखांबद्दल बाळ ठाकरे यांना अटक झाली ती थेट जुलै २००० मध्ये! मुदत उलटून गेल्याचे सांगून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकालात काढले. ही मुदत तीन वर्षांची होती. युतीने खटला भरला नाही, हे समजू शकते. पण त्या तीनपैकी पहिली दोन वर्षे राज्यात काँग्रेसचे सरकार होते.