वास्तुविद्या आणि घरांचा धंदा

शालान्त परीक्षा जवळ आली कीं वरच्या वर्गांतील एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, "मी वास्तुविशारद होणार, आणि मग स्वतःच घरें बांधून विकणार." पालकांसही हा बेत पसंत पडतो. बेत वाईट नाहीं. परंतु त्यांतील "आणि मग" हे दोन शब्द आपण फार स्वस्त समजतों, असें माझें मत आहे.

हा मार्ग खरोखर चोखाळणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र पाहावें. अमेरिकेंतील जॉन पोर्टमन यानें १९५० सालीं जॉर्जिया टेक या संस्थेची पदवी घेतली व १९५३ सालीं अटलांटा शहरीं स्वतःची कचेरी थाटली. कोणी काम देईल म्हणून वाट पाहण्यापेक्षां जागा आपण मिळवावी, भांडवल आपण उभारावें व इमारतही आपणच आंखावी, हा त्याचा बाणा. १९६७ सालीं उघडलेल्या त्याच्या हॉटेलांत बावीस मजले उंचीचा चौक आहे. आपल्या जुन्या वाड्यांचा चौक आकाशास उघडा. हा वरून झांकलेला, इतकाच भेद! त्याची नक्कल पुढें देशोदेशीं झाली. व्यवसायबंधूंनीं मात्र नाकें मुरडलीं: सल्लागार तोच मालक कसा? आणि १९९० च्या सुमारास कर्जाच्या भारानें त्याच्या मालमत्तेचा मोठा भाग धनकोंच्या हातीं गेला. त्याचे नकाशे चुकले नव्हते. पुढें तो पुन्हां उभा राहिला, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम पांच वर्षांचा. नंतर १९७२ च्या कायद्यान्वयें नोंदणी. त्यांत रेखाटन, बांधकामाचें साहित्य, इमारतीचा भार कोण कसा पेलतो, हें सारें उत्तम शिकवितात. पण सातबाऱ्यावरील जुना बोजा कसा ओळखावा, सदनिका विकल्या न गेल्यास व्याज कोठून भरावें, हें चित्रफलकावर कळत नाहीं. व्याज रविवारींही चालूं असतें.

आणखी एक नाजूक गोष्ट. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवावी लागते. काम जितकें झालें तितकीच ती काढतां येते. व तें प्रमाण अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनीं प्रमाणित करावयाचें असतें. म्हणजे आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या कुटुंबाच्या वतीनें वास्तुविशारद हा एक साक्षीदारच होय. तोच मालक झाला तर साक्ष कोणाची? अशा मालकानें स्वतः पदवीधर असूनही दाखल्यावर सही दुसऱ्या, स्वतंत्र वास्तुविशारदाची घ्यावी, असें मला वाटतें.

ज्या मुलाचें चित्त केवळ नफ्यावर आहे, त्यास वाणिज्य शाखेकडे पाठवावें. पांच वर्षांचें रेखाटन त्यास शिक्षाच होईल. ज्यास मात्र जिन्याच्या पायरीची उंची उगीचच मोजावीशी वाटते, त्यास पालकांनीं अडवूं नये. पदवीनंतर चार-पांच वर्षें त्यानें दुसऱ्याच्या कचेरींत व प्रत्यक्ष बांधकामावर काढावीं, कोर्टकचेरीचीं कागदपत्रें वाचावयास शिकावें. आणि त्याच्या पहिल्या इमारतीसाठीं वडिलांनीं राहतें घर गहाण ठेवूं नये.