तिठ्यावरचे हातखंबा

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे वळायचे ते हातखंबा येथे. या तिठ्याने गावाला हॉटेले, गॅरेज आणि वर्दळ दिली; अपघातांची धास्तीही दिली. हातखंबा ते पाली या टप्प्यात गोव्याकडे आणि आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाणारी वाहतूक एकाच रस्त्यावर येते. त्यात जयगड बंदराकडून निवळीमार्गे येणाऱ्या गॅस टँकरची भर. जुलै २०२५ मध्ये असाच एक टँकर हातखंब्याजवळ उलटला आणि महामार्ग कित्येक तास ठप्प झाला. चौपदरीकरणाने वाहनांचा वेग वाढेल, पण तिठ्यावर एसटीची वाट पाहणाऱ्याचे काय? आराखड्यात त्याला स्थान शेवटी मिळते, हा आपल्याकडचा शिरस्ताच. सेवारस्ता, दिवे आणि रस्ता ओलांडण्याची सुरक्षित वाट ही कामे मुख्य मार्गिका खुली होण्यापूर्वीच पुरी व्हायला हवीत.