लेकराचं कार्ड टोळीबरोबर जावं

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांडे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि अंगावरची लेकरं घेऊन कारखान्याची वाट धरतात. फडात लेकरू आजारी पडलं तर न्यायचं कुठं, हे मात्र उचल घेताना ठरत नाही.

मुंबईत कामगारांच्या लेकरांचा विचार फार पूर्वी झाला. नेस आणि कुसरो वाडिया या गिरणीमालक बंधूंनी परळच्या गिरणगावात वडिलांच्या नावे १९२६ साली प्रसूतिगृह उभारलं. १९२९ साली आई बाई जेरबाई यांच्या नावे खास मुलांचं रुग्णालय सुरू झालं. एकमेकांना चिकटून जन्मलेली जुळी भावंडं डिसेंबर २०१७ मध्ये इथंच शस्त्रक्रियेनं वेगळी करण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकल्यानं रुग्णालय बंद पडायची वेळ आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निधी सुटला. गिरण्या गेल्या, पण रुग्णालय टिकलं.

तिथं दवाखाना कामगाराच्या दाराशी आला. आपला कामगार मात्र दरवर्षी गावच्या आरोग्य केंद्रापासून पाच-सहा महिने लांब जातो. दिवाळीत जन्मलेल्या लेकराचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस गाळपाच्या हंगामातच येतात. फेब्रुवारीत जन्मलेल्याची नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लसही टोळी निघाल्यावरच येते.

यासाठी परळसारखी इमारत लागत नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई आणि अंगणवाडीताईंनी टोळ्या निघण्याआधी जाणाऱ्या लेकरांची यादी करावी. ती कारखान्याकडच्या आरोग्य केंद्राला कळवावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलं तपासतं. त्याची फेरी दसऱ्याआधी गावात लावून घ्यावी. कारखान्यांनी कोप्यांवर लसीकरणाचा दिवस ठरवावा.

आणि आई-बापांनो, लसीचं कार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नका. ते दाखवून कुठल्याही सरकारी केंद्रात लस फुकट मिळते. चुकलेला डोस परत आल्यावर घेता येतो हे खरं, पण तोवर गोवर थांबत नाही.