पोथीला मिशन, दप्तरीला कंत्राट

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र शासनाने ‘ज्ञान भारतम्’ नावाचे मिशन जाहीर केले. देशातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन त्याच्याकडे सोपविण्यात आले आहे. २००३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची तरतूद साडेतीन कोटींवरून साठ कोटींवर नेल्याचा मोठा गाजावाजा झाला. साठ कोटींना एक कोटीने भागण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एका हस्तलिखिताच्या वाट्याला त्या वर्षी साठ रुपये येतात. सर्वेक्षकाचा प्रवासभत्ता, संगणकाची खरेदी आणि उद्घाटनाचा मंडप याच साठ रुपयांत बसवायचा. नागपुरात एवढ्या पैशांत दोन प्लेट तर्री-पोहे येतात. तेवढ्यात भारताचा ज्ञानवारसा वाचणार आहे!

याच शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मंजुरी दिली. तीस प्रकाशनसंस्थांची सुमारे तेरा हजार नियतकालिके विद्यापीठांना संगणकावर वाचावयास मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, म्हणजे वर्षाला दोन हजार कोटी. गोंदियाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जगातील ताजे संशोधन वाचावयास मिळत असेल तर त्याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु हे दोन हजार कोटी म्हणजे भाडे आहे. त्यातला मोठा वाटा परदेशी प्रकाशकांच्या तिजोरीत जातो आणि वर्गणी थांबली की दार बंद होते. जे घरचे आहे, ज्याचे दुसरे प्रत कोणत्याही प्रकाशकाकडे मिळणार नाही, त्याच्या डागडुजीला मात्र या भाड्याचा तेहतिसावा हिस्सा! या हिशेबात शासनाची सारी ज्ञाननीती येऊन जाते.

तरतुदीचा आकडा हा प्रश्नाचा एक भाग झाला. अधिक गंभीर भाग असा की, या सर्व घोषणांत काम करणारा माणूस कोठेच नाही. ग्रंथालयात जुना कागद प्रत्यक्ष हाताळणारा, त्याची धूळ नाकातोंडात घेणारा, पान पान सांधणारा कामगार कोण, त्याचे पद कोणते, त्याला वेतनश्रेणी आहे की रोजंदारी, याविषयी मिशन मौन बाळगते.

फाटके पान डिंकाने चिकटविणे म्हणजे जतन, अशी समजूत चळवळीतही आहे. वस्तुतः हे काम वैद्यकाइतके काटेकोर आहे. ग्रंथ उसवून सुटा करावयाचा, पानांना क्रमांक द्यावयाचे, मऊ कुंचल्याने कसरीची घाण झाडावयाची. शाई पाण्याने फुटते काय हे कोपऱ्यातल्या एका अक्षरावर थेंब ठेवून पाहावयाचे. शाई टिकणारी असेल तर पान धुवावयाचे आणि चुन्याच्या निवळीत बुडवून त्यातील आम्ल मारावयाचे. मग झिजलेल्या कडांना जपानी पातळ कागदाची जोड, तीही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. कारण ही खळ उद्या पाण्याने सोडविता येते. या विद्येचा पहिला नियमच तो आहे: आज जे केले ते उद्याच्या अधिक जाणत्या माणसाला उलटविता आले पाहिजे. म्हणूनच कार्यालयाकार्यालयांतून सर्रास वापरली जाणारी चिकटपट्टी ही कागदाची वैरीण ठरते. तिचा गोंद धाग्यांत मुरतो, पिवळा पडतो आणि अक्षर घेऊनच निघतो. या कामाला महागडी यंत्रे लागतात हेही खरे नाही. अमेरिकेत बॅरो यांनी कागदावर पारदर्शक पापुद्रा चढविण्याचे भारी यंत्र बनविले तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील तंत्रज्ञांनी तेच काम अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून हाताने करण्याची रीत काढली आणि ती इतर गरीब देशांना उपयोगी पडली. त्या पापुद्र्याचे दोष पुढे ध्यानात आले, ते वेगळे. मुद्दा हा की देशाकडे बुद्धी होती आणि हातही होते.

कागदाच्या रसायनशास्त्रात एक वर्गीय विपर्यास दडलेला आहे, तो फारसा कोणी मांडीत नाही. भोसल्यांच्या काळचा मोडी कागद आजही बासनातून काढला तर पुष्कळदा लवचीक असतो, कारण तो चिंध्यांपासून हाताने बनविलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्याला तुरटी आणि राळ यांची खळ देत. त्या तुरटीचेच आम्ल होते आणि ते कागदाला आतून खाते. पन्नास-साठ वर्षांत पान तपकिरी पडते, घडीवर मोडते, शेवटी बोटांत भुगा होतो. वर्तमानपत्राचा कागद तर सर्वांत अल्पायुषी. आता काळ जुळवून पाहावा. चिंध्यांच्या कागदाच्या युगात लिहीत कोण होते? दरबार, मठ आणि शास्त्री. शूद्रातिशूद्रांच्या, कामकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती छापखाना आला तो नेमका या स्वस्त आम्लयुक्त कागदाबरोबर. १८७७ चा ‘दीनबंधू’, १९१० चा ‘दीनमित्र’, १९२० चा ‘मूकनायक’, नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी चालविलेली ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’, संपाची पत्रके, किसान सभांचे जाहीरनामे हे सारे नाशवंत कागदावरच छापले गेले. म्हणजे काहीही केले नाही, कपाटे नुसती बंद ठेवली, तरी निसर्ग वरच्यांचे राखील आणि खालच्यांचे खाईल. जतनाच्या कामातील निष्क्रियता तटस्थ नसते. ‘हस्तलिखित’ हा एकच शब्द उच्चारणारे मिशन कोणाचा वारसा वाचवू पाहते, हे यावरून समजावे.

हा धोका नागपूरकरांना अधिक, याचे कारण उघड आहे. १८६१ पासून १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताचे, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडचे राजधानीचे ठिकाण होते. राजधानी गेली, पण दप्तर मागे राहिले. राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या येथील कार्यालयात ते आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या आणि त्याच वर्षी जन्मलेल्या विदर्भ साहित्य संघाच्या आश्रयाला ग्रंथ आहेत. आणि हवा? २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या कोरड्या भट्टीत कागद ठिसूळ होतो. महिन्याभरात पावसाळा येतो आणि तोच कागद दमट होऊन बुरशीला आमंत्रण देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस अवघ्या काही तासांत कोसळला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. भिजलेल्या ग्रंथावर दोन दिवसांत बुरशी धरते. त्या अठ्ठेचाळीस तासांत काय करावयाचे हे जाणणारी माणसे शहरात किती, याचा हिशेब त्या पुरानंतर कोणी मागितला नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सचे राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात बुडाले तेव्हा देशोदेशींची तरुण मुले ग्रंथ उपसावयास धावली. ग्रंथजतनाच्या आधुनिक शास्त्राने तेथूनच वेग घेतला, कारण त्या राष्ट्राने आपत्तीतून कायमची कार्यशाळा उभी केली.

आपल्याकडे आपत्तीतून काय उभे राहिले? १९६७ च्या जानेवारीत दिल्लीत २६, अलीपूर रोडवरील घर रिकामे करविताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कागदपत्र अंगणात टाकण्यात आले आणि रात्रीच्या पावसात त्यांतले पुष्कळ नष्ट झाले. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या हस्ताक्षरावर छप्पर धरावयास स्वतंत्र भारतात कोणी नव्हते! जे उरले त्यातून ग्रंथ उभे करण्याचे काम नागपूरचेच वसंत मून यांनी आयुष्य वेचून केले. पहिला खंड १९७९ साली निघाला. या खंडांचेही पुढे काय झाले? नऊ लाख प्रतींची योजना, छापल्या अवघ्या तेहतीस हजार, आणि ५ कोटी ४५ लाखांचा कागद पडून, अशी बातमी प्रसिद्ध झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. येथे तर अक्षर उमटण्याआधीच कागदावर संकट!

पोटाचा प्रश्न मोठा की पोथीचा, असे विचारणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. गावाचे जंगलावरील सरपणाचे, चराईचे, बांबूचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असतात. २००६ चा वनाधिकार कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. त्याच कायद्याखाली बिगर-आदिवासी वननिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. पंचाहत्तर मागे मोजले की १९३० येते. म्हणजे पुन्हा तोच तुरटीचा कागद! नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही ग्राह्य आहे. तथापि टेबलापलीकडचा अधिकारी कागदच मागतो, हा अनुभव कार्यकर्त्यांना सांगावयास नको. जात पडताळणीचेही तेच. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीच्या मुलाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. तो असतो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि कोतवाल बुकात. त्या पानाला वाळवी लागली की मुलीची वैद्यकीयची जागा जाते. वाळवीला जात नाही, पण ती खाते त्या कागदाला असते.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये शासनाने समिती नेमली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध सुरू झाली. ज्या विद्येला वर्षानुवर्षे कोणी दारात उभे केले नाही, तिच्यासाठी गाड्या पाठविण्यात आल्या. राजकीय निकड असली की जुना कागद राष्ट्रीय संपत्ती ठरतो. निकड सरली की रद्दी.

आता या कामगाराकडे यावे. ग्रंथालयाच्या उतरंडीत तो तळाशी आहे. ग्रंथपालाला विद्यापीठ अनुदान आयोगाची श्रेणी, आणि ज्याच्या हातून पान प्रत्यक्ष वाचते तो दप्तरी किंवा बाइंडर चतुर्थ श्रेणीत. बुद्धीचे काम वरचे आणि हाताचे खालचे, ही चातुर्वर्ण्याची शिकवण विद्यापीठाने पदनामांत जशीच्या तशी उतरविली आहे. त्यातही जुना दप्तरी निवृत्त झाला की पद भरावयाचे नाही, एजन्सीकडून माणूस घ्यावयाचा, ही हल्लीची चाल. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खाजगी कंपन्यांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि रोष पाहून ऑक्टोबरात मागे घेतला. निर्णय गेला, वृत्ती राहिली. ज्या कामात हात तयार व्हावयास पाच-सात वर्षे लागतात, ते अकरा महिन्यांच्या माणसाकडून कसे होणार? शंभर वर्षांची धूळ, बुरशी, पूर्वी फवारलेल्या कीटकनाशकांचे अवशेष त्याच्या फुप्फुसांत जातात. त्याच्या मुखवट्याची आणि वैद्यकीय तपासणीची जबाबदारी एजन्सी विद्यापीठावर ढकलते आणि विद्यापीठ एजन्सीवर.

सर्व कागद संगणकावर उतरवून घेतले की प्रश्न मिटेल, असे उत्तर तत्परतेने दिले जाते. ते अर्धवट आहे. ज्या पानाचा भुगा होतो आहे ते छायाचित्रासाठी काचेखाली ठेवताच तुटते. म्हणून सांधणारा हात आधी, यंत्र मागून. प्रतिमा साठविणारी साधने बदलतात, कंत्राटदार कंपन्या बंद पडतात, आणि न्यायालयात शंका निघाली की मूळ दस्तऐवजच मागविला जातो. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा महाराष्ट्रभर निषेध झाला, आणि तो योग्यच होता. कंत्राटी दुर्लक्षाच्या हल्ल्यावर मात्र निषेधसभा होत नाही.

नागपूर विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये, शताब्दीच्या वर्षात, भारतीय विज्ञान काँग्रेस भरविली. अशा सोहळ्यासाठी उभी राहणारी यंत्रणा एक कायमस्वरूपी जतनशाळाही उभी करू शकते. लखनौच्या राष्ट्रीय जतन प्रयोगशाळेत आणि दिल्लीच्या अभिलेखागारात प्रशिक्षणाची सोय आहे. विदर्भातील आदिवासी-दलित मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन तेथे धाडावे आणि परत आल्यावर तांत्रिक श्रेणीतील मंजूर पद द्यावे. जिल्हा परिषदेच्या शाळांची रजिस्टरे आणि तहसिलीतील निस्तार पत्रके याच शाळेत विनामूल्य सांधली जावीत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि वार्षिक अंदाजपत्रक त्यांच्यापुढे येते. ग्रंथालयात जतनाची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि गेल्या पाच वर्षांत खरेदीवर किती व डागडुजीवर किती खर्च झाला, हे पाच आकडे पक्षाच्या पदवीधर कार्यकर्त्यांनी येत्या अंदाजपत्रकी सभेपूर्वी लेखी मागवावेत. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.