बॅटरीला सावली हवी

एप्रिल-मे महिन्यांत कोपरगावचा पारा चाळिशी ओलांडतो, मधूनच बेचाळिशीलाही टेकतो, आणि इलेक्ट्रिक दुचाकीवरची चर्चा दोन टोकांना जाऊन बसते. एक पक्ष म्हणतो, असल्या उन्हात ही गाडी आज ना उद्या पेटणारच. दुसरा म्हणतो, कंपनीनं सगळं तपासून दिलंय, ऊन काय वाकडं करणार? माझ्या मते दोघंही भलत्याच ठिकाणी बघतायत. उन्हाळा एकट्यानं गाडी पेटवत नाही, त्या दिवशीची रेंजही फारशी कमी करत नाही. तो बॅटरीचं आयुष्य खातो, आणि गाडी पळत असताना खातो त्याहून जास्त ती उन्हात उभी असताना खातो. त्यामुळे ही गोष्ट जितकी गाडीवाल्याची आहे, तितकीच गावाची आहे.

आधी आगीचं बघू. 26 मार्च 2022 रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. पुढच्याच महिन्यात, 9 एप्रिलला, नाशिकमध्ये कंटेनरमधून चाललेल्या 40 स्कूटरपैकी 20 जळाल्या. दोन्ही घटना उन्हाळ्यातल्या, त्यामुळे ‘ऊन लागलं आणि गाडी पेटली’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालं. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, भर पावसाळ्यात, वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. लिथियमचा सेल स्वतःच्याच उष्णतेनं बेफाम तापू लागतो तो साधारण दोनशे अंशांच्या आसपास. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या (एनएमसी) प्रकारात थोडा अलीकडे, लोह-फॉस्फेटच्या (एलएफपी) प्रकारात बराच पलीकडे. बेचाळीस आणि दोनशे यांमध्ये मोठं अंतर आहे, आणि ते भरून काढतो तो सेलमधला दोष, पॅकची सदोष रचना, पाणी शिरून झालेलं शॉर्ट सर्किट किंवा भलताच चार्जर. 2022 मधल्या आगींची तपासणी डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं केली, तेव्हाही बोट बॅटरी पॅकमधल्या दोषांकडेच गेलं. त्यानंतर बॅटरी-सुरक्षेचं एआयएस-156 हे मानक डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक झालं. एका सेलची आग पसरून आख्खा पॅक पेटू नये, याची चाचणी त्यात आली. तेव्हा भीती बाळगायचीच असेल तर ती जुन्या, उघडून जोडलेल्या पॅकची आणि बाजारातल्या स्वस्त चार्जरची बाळगावी.

आता रेंज. उन्हाळ्यात गाडी कमी चालते, हा समज सरसकट खरा नाही. थंडीत सेलचा अंतर्गत अवरोध वाढतो, म्हणून जानेवारीतल्या पहाटे गाडी थोडी मंद वाटते. उन्हात तो अवरोध कमी असतो. शिवाय 42 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा पाचेक टक्के विरळ असते, म्हणजे वाऱ्याचा विरोधही तेवढाच घटतो. मग लोक म्हणतात ती दुपारची मरगळ येते कुठून? करंट दुप्पट झाला की त्यातून होणारी उष्णता चौपट होते. मागे माणूस, पुढ्यात पोतं, समोरून वारा आणि नगर-मनमाड रस्त्यावर मूठ पूर्ण पिळलेली, असं सगळं जुळलं की आधीच तापलेला पॅक पन्नाशीकडे सरकतो. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, ताकद कमी करतं आणि पिकअप मऊ पडतो. हा बिघाड मानायचं कारण नाही, ती बॅटरीची राखण आहे.

खरं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा बॅटरीलाही लागू पडतो. सेलच्या आत एक पातळ थर असतो. उष्णतेत तो जाड होत जातो, कामाचं लिथियम त्यात अडकतं आणि क्षमता घटते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हे आणखी वेगानं होतं. मोबाइल-लॅपटॉपमधल्या कोबाल्टच्या सेलबद्दल नेहमी दिला जाणारा दाखला असा: 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर त्याची साधारण 65 टक्के क्षमता उरते, 40 टक्केच भरून ठेवला तर 85. गाडीचे सेल यापेक्षा दणकट असतात, पण दिशा तीच. सकाळी शंभर टक्के भरलेली गाडी स्टँडसमोर डांबरावर, वर आभाळ उघडं, अशी संध्याकाळपर्यंत उभी करणं म्हणजे बॅटरीला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणं. वीस-पंचवीस किलोचा पॅक तापायला वेळ घेतो, आणि निवायलाही तितकाच घेतो.

इथे विजेच्या दराचा पेच येतो. महावितरणनं टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर केली. सौर वीज दिवसा मुबलक असते, त्यामुळे धोरण म्हणून हे योग्यच आहे. पण भर दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चार्जिंगला लावण्याचा मोह त्यातूनच होतो. बहुतेक सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादा 45 अंश असते, आणि उन्हातून आलेला पॅक आधीच तिच्या आसपास असतो. तीन युनिटच्या चार्जिंगमागे वाचणार फार तर तीन रुपये, आणि नवी बॅटरी हजारो रुपयांची. दोन्ही साधायचं असेल तर नऊला लावून ऊन चढायच्या आत काढावं. तेवढा वेळ नसेल तर पहाटे लावावं. रोजच्या वापराला ऐंशी टक्के भरली तरी पुरते, कारण शिर्डीला जाऊन-येऊन तीसेकच किलोमीटर होतात.

यावर आक्षेप येतील. पहिला, ‘बीएमएस आहे ना!’ आहे, पण बहुतेक दुचाक्यांत ते ताकद किंवा चार्जिंग कमी करू शकतं, पॅक थंड करू शकत नाही. उभ्या गाडीवर पडणाऱ्या उन्हापुढे ते हतबल असतं. दुसरा, ‘वॉरंटी आहे ना!’ काही कंपन्या आठ वर्षं किंवा 80 हजार किलोमीटरपर्यंत वॉरंटी देतात, पण ती क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तर उपयोगी पडते. तिथपर्यंतची घट मालकाच्या माथी, आणि पुढे गाडी सेकंडहँड घेणाऱ्याच्या. तिसरा आक्षेप सगळ्यात रास्त: ‘पेट्रोलच्या गाडीला कुठे सावली लागते?’ लागत नाही, कारण इंजिनाचं धातूकाम शंभर अंशांपलीकडेच वावरतं. ते पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला देतं आणि बाकीची उष्णता करून पोटरीवर फेकतं. बॅटरी फार कमी उष्णता तयार करते आणि सोसतेही कमीच. तिला साधारण 15 ते 35 अंशांचं, म्हणजे माणसाला मानवणारं हवामान लागतं.

हे शहाणपण या तालुक्याला नवं नाही. उन्हाळ कांदा टिकवायचा तर चाळ जमिनीपासून उचललेली, बाजूंनी वारा खेळता आणि वर सावली हवी, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण चार्जिंग पॉइंट किती झाले एवढंच विचारतो. बॅटरी चार्जरजवळ असते दिवसातले तीन-चार तास. उरलेला वेळ ती बस स्थानक, रेल्वे स्टेशन, बाजार समिती, महाविद्यालयं आणि साखर कारखान्यांच्या आवारात उभी असते. तिथलं उघडं पार्किंग हाच तिचा खरा पत्ता. ‘शेडला पैसा कुठून आणायचा’ हा प्रश्न उरतोच. पण छपरावर सौर पॅनेल बसवलं तर तेच शेड वीजही देतं, आणि नऊ ते पाचमध्ये सावलीत चार्जिंग झालं की दराचा पेचही सुटतो. नगरपरिषदेनं नव्या पार्किंगच्या परवानगीत इतक्या दुचाक्यांमागे इतकी सावली अशी अट घालावी. कारखान्यांनी आणि महाविद्यालयांनी तर अटीची वाट बघायचंही कारण नाही.