टाकी भरेना!

आमच्या देवपुरातल्या घरी संडासाची टाकी भरेना. मी आधी नळाला, मग नशिबाला बोल लावला. अखेर प्लंबर आला. पाणी येते त्या तोंडाच्या जाळीत निघाला चिमूटभर गाळ! तो धुताच टाकी काठोकाठ भरली. मी ऐटीत साखळी ओढून दाखवली.

आईने विचारले, “एका ओढीला पाणी किती?”

“दहा लिटर.”

“म्हणजे हंडाभर की रे!”

ती पांझरेकाठची. तिथल्या फडात पाटकरी पाळीपाळीने शेतांना पाणी देई. कुणी पाट तुंबवून ठेवत नसे.

मी मुकाट्याने फुग्याची दांडी खाली वाकवली. आता टाकी पाऊणच भरते, आणि तेवढ्यात भागते. ‘भरणे’ आणि ‘पुरणे’ यांतला अर्थभेद मराठीच्या मास्तराला असा घरीच कळला!