वारं गेलं म्हणून माणूस वाऱ्यावर सोडायचा?

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. "जयभीम दादा" म्हणाल्या आणि घडी केलेला एक कागद पुढे ठेवला. नवरा नगरपालिकेत कायम सफाई कामगार. अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात-पाय निकामी, वाचा बसलेली. नवऱ्याच्या कार्यालयातून कुणीतरी घरी आले, या माणसाचा अंगठा एका छापील अर्जावर उठवून घेतला आणि प्रत ठेवून निघून गेले. अर्ज स्वेच्छानिवृत्तीचा होता. ज्याला स्वतःचे नावही उच्चारता येत नव्हते, त्याची ही 'स्वेच्छा'!

आम्ही विचारले, "वस्तीत एवढे कार्यकर्ते आहेत. अंगठा देण्याआधी कुणाला कागद दाखवला का नाही?" त्या म्हणाल्या, "दाखवू कुणाला दादा? पहिले आठ दिवस दवाखान्यात सगळी वस्ती आली. आता पाच महिने झाले, उंबऱ्याला कुणाचा पाय लागला नाही."

हरकत नोंदवून तो अर्ज रद्द करून घेता आला. परंतु त्या भगिनीचे वाक्य आमच्या मनातून जात नाही. कारण त्या वाक्यातला आरोपी नगरपालिका नाही, आपण आहोत.

आपल्या वस्तीत माणूस गेला तर शेकडो लोक धावून येतात. जलदान विधीला मंडप भरतो, आदरांजलीची भाषणे होतात. ही एकजूट हे आपले बळ आहे. मग तोच माणूस जिवंत असताना अंथरुणाला खिळला तर ही एकजूट जाते कुठे? अर्धांगवायूचे दुखणे आठ दिवसांचे नसते, वर्षानुवर्षांचे असते. भेटायला येणारे थांबतात, तेव्हा खरी लढाई सुरू झालेली असते.

आणि ती लढाई लढते कोण? बहुतेक घरांत बायको, सून नाहीतर मुलगी. हलता न येणाऱ्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला बसवून, थोडे थोडे भरवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. शौच, अंघोळ, औषधे, हातापायांचा व्यायाम, सगळे तिच्याच अंगावर. तिची धुणीभांड्याची कामे सुटतात, मुलीची शाळा सुटते. आजार एकाला होतो आणि आयुष्य तिघांचे थांबते. त्या बाईला दोन तास शांत झोप मिळते का, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारले आहे?

ज्या जोतीरावांचे नाव आपण रोज घेतो, ते स्वतः या दुखण्याचे रुग्ण होते. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. शरीराची उजवी बाजू गेली. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि १८९१ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. जोतीरावांची जिद्द आपण सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्या जिद्दीला हात देणारी माणसेही होती. सावित्रीमाईंनी शुश्रूषा केली, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, स्नेह्यांनी आर्थिक मदतीसाठी खटपट केली. महात्म्यालाही सोबत लागली. मग आपल्या वस्तीतल्या हमालाने, सफाई कामगाराने एकट्याने कसे उभे राहायचे?

दुसरी गोष्ट आपल्या अज्ञानाची. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बहुधा वाचाही जाते. शब्द हरवले म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. अशा अनेक रुग्णांना सगळे समजत असते, फक्त सांगता येत नाही. त्याच्यासमोरच "आता याचं काही खरं नाही" असे बोलणारे आपण त्याला रोज अपमानित करतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही वारं गेल्यावर कबुतराचे रक्त चोळणारे आणि मंत्रवलेले तेल आणणारे आहेत, हे लाजत का होईना कबूल केले पाहिजे. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळले, यातले एक जरी लक्षण अचानक दिसले तरी १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडात पाणी, औषध काही घालायचे नाही. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट हक्काची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याची पदावनतीही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, तेही नसेल तर अधिसंख्य पद द्यावे लागते. अर्धांगवायूने आलेले कायमचे वाचादिव्यांगत्वही या कायद्यात मोडते. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. मात्र त्याच कलमात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाटही ठेवली आहे. कंत्राटी सफाई कामगाराला तर नोकरीचे हे संरक्षणही सहसा लाभत नाही. शासनाने रुग्णालयातील उपचारांच्या योजनेला जोतीरावांचे नाव दिले, पण घरी परतलेल्या रुग्णाच्या रोजच्या फिजिओथेरपीचे आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचे काय? हा प्रश्न आता मोर्चाच्या निवेदनात आला पाहिजे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहार समितीने वस्तीतील अशा रुग्णांची यादी करावी. महिला मंडळाने आणि तरुणांनी पाळी लावून आठवड्यातून दोनदा त्या घरी दोन-दोन तास बसावे, म्हणजे त्या भगिनीला बाहेर पडता येईल, झोपता येईल. कूस कशी बदलायची, कसे भरवायचे, हे परिचारिकेकडून आधी शिकून घ्यावे. महिन्यातून एकदा विहारात या कुटुंबांची बैठक घ्यावी, फिजिओथेरपिस्टला बोलवावे. रुग्णालाही खुर्चीत बसवून तेथे आणावे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून चाकांची खुर्ची, हवेची गादी, वॉकर घ्यावा. एकाची गरज सरली की वस्तू दुसऱ्याच्या घरी जावी. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देणे हे आम्हा वकिलांचे आणि शिकलेल्या तरुणांचे काम आहे. आणि एक सक्त नियम: वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांनी वाचल्याशिवाय कोणत्याही रुग्णाचा अंगठा कोणत्याही कागदावर उठता कामा नये.

२८ नोव्हेंबरला आपण जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालतो. येत्या २८ नोव्हेंबरला हार घालण्यापूर्वी ही यादी तयार असावी आणि कार्यक्रम संपल्यावर घरी जाण्याआधी त्यातल्या एका तरी घराचा उंबरा ओलांडलेला असावा.

जयभीम!